पाणी कुठं मुरतं?

आपल्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकाळी, म्हणजेच कुमार गंधर्व, १९४८ साली क्षयरोगाच्या उपचारासाठी देवासला गेले आणि तिथलेच झाले. त्यांचं घर पाहावं म्हणून आम्ही उभयतां देवासला गेलो. सोबत सासरे होते. ते बैलहोंगलकडचे शेतकरी. गाणं त्यांनी ऐकलं, पण त्यांची नजर शेतांवर. शेताशेतात भरलेली तळी! म्हणाले, ‘‘भूमी आपल्यासारखीच दिसते. मग नमदु नीर एल्लि होतु? आमचं पाणी कुठं गेलं?’’

प्रश्न जिव्हारीचा होता. कर्ज काढून त्यांनी दहा फूट खोल शेततळं खोदलं होतं. गणपतीत काठोकाठ भरलेलं तळं दसऱ्याआधी कोरडं पडलं.

देवासनंही वाईट दिवस पाहिलेत. नव्वदच्या दशकात त्या शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. कूपनलिका आटत गेल्या. २००६ साली तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना शेततळ्यांकडे वळवलं आणि हजारो तळी झाली. शेजारच्या धारमध्ये तर मुंज तलाव शतकानुशतकं उभा आहे. माळव्याची काळी, चिकण माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी धरून ठेवते.

मग सासऱ्यांच्या काळ्या मातीत काय बिघडलं? परतल्यावर भूगोलाच्या मास्तरानं, म्हणजे मी, मोजायचं ठरवलं. साधन साधं. दोन पत्र्याची कडी, आतलं तीस सेंटिमीटर व्यासाचं, बाहेरचं साठ. दोन्ही जमिनीत ठोकायची आणि दोन्हींत पाणी भरायचं. बाहेरच्या पाण्यामुळे आतलं पाणी आडवं न पसरता सरळ खाली उतरतं. आतल्या कड्यात पट्टी धरून पातळी मोजायची. कोरडी माती सुरुवातीला घटाघटा पिते, म्हणून घाई नको. दर वेळी उतार सारखा येऊ लागला की तोच खरा वेग. चिकण मातीत तो साधारण तासाला १ ते ५ मिलिमीटर, वाळूत ३० च्या वर.

बांधावरच्या काळ्या मातीत तासाभरात एक मिलिमीटरही उतरेना. सासरे खूश! मग कडी तळ्याच्या तळाशी नेली. तिथं काळी माती नव्हतीच, मुरूम होता. वेग तासाला ८ मिलिमीटर. म्हणजे दिवसाला १९ सेंटिमीटर! दहा फूट पाणी सोळा दिवसांत गडप. चूक मातीची नव्हती. आम्ही वरची एरी भूमी पाहिली, खालचा थर नाही.

सासरे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘कडी आधी आणली असती तर?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. जावई भूगोल शिकवतो आणि सासऱ्यांचं तळं आटतं, याची लाज वाटली.

त्या उन्हाळ्यात वरचीच काळी माती तळाला पसरून, भिजवून, चोपून घेतली. यंदा दिवाळीला तळ्यात कमरेएवढं पाणी होतं.

तळं खोदणार असाल तर आधी एक खड्डा घ्या, जितकं खोल तळं तितका. कडी त्याच्या तळाशी ठोका. विहिरींना पाणी द्यायचं असेल तर मुरणारी जागा चांगली, साठवायचं असेल तर न मुरणारी. एक दिवस जाईल, पण कर्ज वाचेल.