घडीचा पडदा ते अजिंठा
१९१६ साली जपानमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांना चित्रकार शिमोमुरा कान्झान यांचे ‘योरोबोशी’ फार भावले. सहा-सहा पाखांच्या, घडी होणाऱ्या चित्रित पडद्यांची ही जोडी आज टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठाकुरांसाठी तिची प्रतिकृती करणारे चित्रकार अराई काम्पो पुढे भारतात आले. १९१७-१८ मध्ये जळगावपासून साठेक किलोमीटरवरच्या, तेव्हा निजामाच्या मुलखात असलेल्या अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत बसून त्यांनी भित्तिचित्रे उतरवून घेतली. केवढी ती चिकाटी! दुर्दैवाने, टोकियोच्या शाही विद्यापीठात ठेवलेल्या या प्रतिकृती १९२३ च्या महाभूकंपात नष्ट झाल्या. काम्पोंनी हार मानली नाही. १९४० पासून ते जपानमधल्या होर्युजी मंदिरातली, अजिंठ्याशी नाते सांगणारी भित्तिचित्रे उतरवू लागले.