टेन्स यंत्र : विक्रेत्याने काय सांगावे?

वेदनेवर विजेचा उपाय तसा जुनाच. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस पायाच्या संधिवाताला जिवंत विद्युत-माशावर पाय ठेवायला सांगत असे! शास्त्रीय आधार मिळाला १९६५ साली. मेलझॅक व वॉल यांनी मांडले की, स्पर्शाच्या जाड नसा चेतवल्या की मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशाला अडसर बसतो. कोपर आपटले की आपण ते चोळतो, तसेच हे. 'टेन्स' यंत्र त्वचेवर चकत्या चिकटवून सौम्य प्रवाहाने हेच करते. आराम बहुधा तात्पुरता असतो. पेसमेकरवाल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते लावू नये.

रक्तदाबाचा मामला निराळा. मानेतील धमनीच्या दाब ओळखणाऱ्या नसांना विजेने चेतवणारे उपकरण अमेरिकेच्या सीव्हीआरएक्स कंपनीने काढले. पण ते शस्त्रक्रियेने बसवावे लागते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याला ठरलेली सर्व उद्दिष्टे गाठता आली नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, तीही हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांसाठी.

मग मनगटी पट्ट्याने रक्तदाब उतरतो, हे आमचे काही दुकानदार बंधू कशाच्या जोरावर सांगतात? आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असा पट्टा घेऊन गोळ्याच बंद केल्या. पंधरा दिवसांत त्यांना दवाखान्यात न्यावे लागले.

१ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याखाली आली आहेत. टेन्स जरूर विका, पण दुखण्यासाठी. गिऱ्हाइकाने रक्तदाबाचे विचारले, तर त्याला डॉक्टरांकडे पाठवा.