सुट्ट्या पैशांतलं ‘वेगळं’ नाणं

परवा नेरूळ स्टेशनबाहेर भाजी घेत होतो. माझ्या पुढच्या आजींनी मेथीच्या जुडीसाठी दहाची दोन नाणी पुढे केली. भाजीवाल्यानं एक ठेवून घेतलं, दुसरं परत केलं. “आजी, हे डुप्लिकेट आहे. यावर रुपयाची खूण कुठाय?” आजींच्या पिशवीत आणखी पैसे नव्हते. त्या मुकाट्यानं जुडी परत ठेवायला लागल्या. मी त्यांना दहाची नोट दिली आणि ते नाणं घेतलं. नाणं अस्सल होतं. त्यावर साल होतं 2010. रुपयाचं चिन्ह मुळी नाण्यांवर आलं 2011 पासून!

पूर्वी आपल्याकडे सराफ नाणी पारखून घेत. रुपया झिजलेला किंवा परमुलखातला असेल, तर थोडी रक्कम कापत. तिला ‘बट्टा’ म्हणत. ‘नावाला बट्टा लागला’ हे आपण आजही म्हणतो. आता दहाचं नाणं दहालाच चालतं, बट्टा नाही. पण चांगलं नाणं नाकारलं, की आजींसारख्यांना पुऱ्या दहा रुपयांचा बट्टा बसतो. म्हणून नाणं नाकारण्याआधी ते नीट पाहायला शिकूया.

नाणं वेगळं दिसलं, की बहुधा तीनपैकी एक कारण असतं.

पहिलं आणि नेहमीचं, म्हणजे नक्षीच वेगळी असते. दहाची नाणी 14 वेगवेगळ्या नक्षींत निघाली असून ती सगळी वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्येच जाहीर केलं होतं. वरच्या रेघा दहा की पंधरा, यावरून खरं-खोटं ठरत नाही. आकारही फसवतो. 1992 पासूनचा स्टीलचा रुपया 25 मिलिमीटरचा होता. 2011 साली आलेलं दोन रुपयांचं नाणंही नेमकं तेवढंच! म्हणून आकार नव्हे, आकडा वाचावा. सालाखालीही पाहा. तिथे चौकटच्या पत्त्यासारखी खूण असेल तर नाणं आपल्या मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. म्हणजे खूण नसणं ही चूक नाही.

दुसरं कारण टांकसाळीतली चूक. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात आणि त्या दोन ठशांमध्ये दाबतात. पट्टी पुरेशी सरकली नाही, तर पुढची चकती आधीच्या भोकावर कापली जाते आणि नाण्याच्या काठाला चंद्रकोरीसारखी खाच पडते. चकती नीट बसली नाही, तर नक्षी एका बाजूला सरकते. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं, तर पुढच्या नाण्यावर तीच नक्षी उलटी आणि खोलगट उमटते. घरी एक प्रयोग करा. छापा सरळ धरून नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटा. काटाही सरळच दिसायला हवा. तिरका किंवा उलटा दिसला, तर ठसा फिरलेला होता.

तिसरं कारण माणसाची करामत. रुळावर ठेवून चपटं केलेलं, कानशीनं घासलेलं, आम्लात बुडवलेलं किंवा सोनेरी मुलामा दिलेलं नाणं. ओळखायची सोपी रीत अशी, की टांकसाळीतली चूक नाणं घडतानाच होते, त्यामुळे उरलेली नक्षी ठसठशीत असते. नंतरची करामत मात्र नक्षीच्या डोक्यावरून जाते. अक्षरं चेपलेली, ताणलेली किंवा ओरखडलेली दिसतात. ‘सोन्याचा’ रुपया लोहचुंबकाला चिकटला, तर आत स्टील आहे असं समजा. दोन्हीकडे छापा असलेलं नाणं बहुधा दोन नाणी कोरून जोडलेलं असतं. काठाच्या आतल्या बाजूला सांधा शोधा. फरशीवर टाका, खणखणीत वाजणार नाही.

आता कायद्याचं. 2011 च्या नाणे अधिनियमानुसार नाणं विद्रूप केलेलं किंवा ठरावीक मर्यादेपलीकडे वजन घटलेलं नसेल, तरच ते वैध. रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत देता येतात. पन्नास पैसे आजही वैध आहेत, दहा रुपयांपर्यंत. चार आणे आणि त्याखालची नाणी मात्र 30 जून 2011 पासून बंद झाली. आणि नाणं बनावट आहे हे ठाऊक असूनही ते पुढे ढकलणं हा गुन्हा आहे.

एक सावधगिरी हवीच. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असे निरोप मोबाइलवर फिरतात. त्या नाण्यांत दुर्मीळ असं काही नाही. पुढे ‘नोंदणी फी’ किंवा ‘कर’ मागितला जातो आणि तिथेच माणूस फसतो. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असे पैसे मागितले जातात, म्हणून बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये लोकांना सावध केलं होतं. खरी चूक असलेलं नाणं सापडलं, तर ते घासूपुसू नका, कागदात गुंडाळून जाणकाराला दाखवा. आधी पैसे मागणाऱ्याला मात्र दारातूनच नमस्कार करा.

आजींचं ते नाणं मी दुसऱ्या दिवशी त्याच भाजीवाल्याकडे नेलं. आधी सालावर बोट ठेवलं, मग त्याच्याच गल्ल्यातली दहाची चार नाणी शेजारी मांडली. चारांत तीन तऱ्हा निघाल्या! तो हसला, नाणं गल्ल्यात टाकलं आणि म्हणाला, “आजी आल्या की सांगतो त्यांना.”