निर्दोषपणाचा हव्यास आणि आपले निर्णय



कांहीं वर्षांपूर्वीं परीक्षेंत निबंधाच्या पेपराच्या वेळीं देखरेख करीत असतां एका हुशार विद्यार्थ्याकडे माझें लक्ष गेलें. निवडीसाठीं तीन विषय दिले होते. त्यानें पहिला विषय घेऊन चार ओळी लिहिल्या व खोडल्या. दुसरा घेतला, तोही खोडला. मग पुन्हां पहिल्याकडे वळला. घंटा झाली तेव्हां त्याच्या कागदावर एकही परिच्छेद पुरा नव्हता. मागाहून विचारतां तो म्हणाला, "सर, कोणत्याच विषयावर सर्वांत उत्तम निबंध होईल अशी खात्री वाटेना." निर्दोष लिहिण्याच्या हव्यासानें त्याचा घात केला होता. सांगावयास संकोच वाटतो, पण त्याच्या वहींतील एकेका ऱ्हस्वदीर्घाखालीं वर्षभर तांबडी शाई ओढणारा शिक्षक मीच होतों. "विचार चांगला आहे" असें समासांत एकदां तरी लिहिल्याचें मला आठवत नाहीं.

उत्तमाची आवड निराळी व निर्दोषपणाचा हव्यास निराळा. उत्तमाची आवड असणारा, "हें काम अधिक चांगलें कसें होईल?" असें विचारतो, हव्यासानें पछाडलेला, "माझी चूक झाली तर लोक काय म्हणतील?" असें विचारतो. पहिल्याची दृष्टि कामावर असते, दुसऱ्याची स्वतःवर. त्यामुळें दुसऱ्यास प्रत्येक निर्णय म्हणजे आपल्या योग्यतेचाच निवाडा वाटूं लागतो. मग तो आणखी माहिती गोळा करितो, आणखी चार जणांचा सल्ला घेतो, आणि दिवस पुढें ढकलतो. परंतु न ठरविणें हाही एक निर्णयच होय. आपण ठरविलें नाहीं, तर आपल्यासाठीं घड्याळ ठरवितें. अर्जाची मुदत टळते, आणि उरेल तें पदरांत पडतें.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनीं १९५६ सालीं या विषयावर मार्मिक विचार मांडला. मनुष्याजवळ वेळ थोडा व माहिती अपुरी. सर्व पर्याय तोलून सर्वोत्तम तोच निवडणें त्यास बहुधा शक्य नसतें. म्हणून गरज भागेल असें एक माप तो ठरवितो, आणि त्या मापास उतरणारा पर्याय दिसतांच तो पत्करतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश आहे. सायमन यांस १९७८ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें २००६ सालीं अमेरिकेंतील पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांविषयींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नोकरी शोधतांना सर्वोत्तम तीच हवी असा आग्रह धरणारांस इतरांहून सुमारें २० टक्के अधिक पगार मिळाला. तथापि मिळालेल्या नोकरीविषयींचें समाधान त्यांस इतरांहून कमीच होतें. न निवडलेल्या वाटा त्यांच्या मनांतून जात नव्हत्या.

आपल्या भाषेंतील एक उदाहरण पाहा. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांत सुमारें ४०,००० शब्द होते. १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत ते सुमारें ६०,००० झाले. पहिल्या वेळीं किती शब्द राहून गेले होते, हें यावरून उघड होतें. सर्व शब्द मिळेपर्यंत छापावयाचेंच नाहीं असा निश्चय ते करते, तर मधल्या २६ वर्षांत मराठी शिकणारांच्या हातीं तो कोश पडलाच नसता. अपुरी आवृत्ति बाहेर पडली, म्हणूनच तिच्या आधारावर पुढची अधिक पुरी होऊं शकली.

याचा अर्थ निष्काळजीपणा बरा असा नव्हे. औषध देणारानें माप चुकवूं नये. पूल बांधणारानें आंकडे पुन्हां पुन्हां तपासावे. जेथें चूक मागें घेतां येत नाहीं, तेथें सावकाशी हेंच शहाणपण होय. परंतु निबंधाचा विषय, फावल्या वेळचा छंद, फार काय दहावीनंतरची शाखासुद्धां, पुढें बदलतां येते. म्हणून निर्णयापूर्वीं तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहावीं. हा निर्णय फिरवितां येईल काय? किती झालें म्हणजे पुरें? आणि कोणत्या दिवसापर्यंत ठरवावयाचें? तो दिवस उजाडला, कीं हातीं असलेल्या माहितीवर ठरवून मोकळें व्हावें.

पालकांसही एक विनंति आहे. हेविट व फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनीं १९९१ सालीं या हव्यासाचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून निर्दोषपणाची अपेक्षा, इतरांकडून तशी अपेक्षा, आणि इतर लोक आपणांकडून तशी अपेक्षा करितात ही समजूत. हा तिसरा प्रकार मुलांच्या मनांत रुजावयास आपलें एखादें वाक्य पुरतें. शंभरांपैकीं ९५ गुण आणणाऱ्या मुलीस आपण सहज विचारतों, "पांच कोठें गेले?" आपण तें विसरतों, ती विसरत नाहीं, आणि पुढें अवघड वाटेस जाण्याचेंच टाळते.

तालंतांच्या दाखल्यांतील तिसरा चाकर आठवावा. त्यानें धन्याचें द्रव्य उधळलें नाहीं कीं बुडविलें नाहीं. धनी कठोर आहे या भीतीनें तें जमिनींत पुरून ठेविलें. हिशेबांत एक पैही कमी भरली नाहीं, आणि तरीही दोष त्यालाच लागला.

त्या विद्यार्थ्यास पुढील परीक्षेपूर्वीं मीं एकच सूचना केली: "पांच मिनिटांत विषय ठरव, आणि मग मागें पाहूं नकोस." त्याच्या निबंधांत सात चुका निघाल्या. त्या मीं दाखविल्या; पण त्याआधीं त्यांतील एका चांगल्या विचाराविषयीं समासांत दोन ओळी लिहिल्या. निबंध पुरा होता.