अस्सल, नक्कल आणि बनावट : संगणकीय दस्तऐवजांची पारख

जुन्या दस्तऐवजाची पारख करण्याची विद्या मराठी अभ्यासकांस अपरिचित नाही. मोडी दप्तरातील एखादे पत्र हाती आले म्हणजे संशोधक प्रथम कागदाची जात, शाईचा रंग, अक्षराचे वळण, शिक्का व मोर्तब ही पाहतो. ही झाली बहिरंगपरीक्षा. नंतर तो मजकुराकडे वळतो. तिथी व वार जंत्रीशी जुळतात काय, मायना त्या काळच्या रिवाजास धरून आहे काय, उल्लेखिलेला अधिकारी त्या वर्षी त्या पदावर होता काय, हे तो तपासतो. ही अंतरंगपरीक्षा होय. इटलीतील पंडित लोरेंझो व्हाल्ला ह्याने १४४० मध्ये ह्याच मार्गाने सम्राट कॉन्स्टंटाइनचे म्हणून मिरविले जाणारे दानपत्र बनावट ठरविले. चौथ्या शतकातील म्हणविणाऱ्या त्या पत्रात रोमन अधिकाऱ्यांस ‘सत्रप’ म्हटलेले होते, आणि त्या काळच्या रोममध्ये अधिकाऱ्यांस ते नाव नव्हते.

आज दाखले, ठराव, पावत्या आणि जुन्या कागदांच्या प्रतिमा संगणकीय फाइलींच्या रूपाने आपल्यापुढे येतात. अशा दस्तऐवजास देहच नसतो. त्याच्या हजार प्रती काढल्या तरी पहिली कोणती व हजारावी कोणती हे सांगता येत नाही. बहिरंगपरीक्षेचा आधार अशा रीतीने निसटल्यावर पारख करावयाची ती कशावरून, हा खरा प्रश्न आहे.

पहिला आधार व्हाल्लाचाच, म्हणजे कालविसंगतीचा. रुपयाचे ‘₹’ हे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. तेव्हा २००८ सालच्या म्हणविणाऱ्या पावतीवर ते छापलेले आढळल्यास संशय घेणे रास्तच आहे. ‘निर्मला’ हा देवनागरी टंक विंडोजबरोबर २०१२ मध्ये आला. कर्नाटक शासनाच्या इंग्रजी पत्रव्यवहारात बेळगावचे नाव ‘बेळगावी’ असे १ नोव्हेंबर २०१४ पासून लिहिले जाऊ लागले. त्यापूर्वीच्या तारखेच्या कागदावर ह्या खुणा दिसल्या तर विचारणा केलीच पाहिजे.

तथापि येथे घाई करू नये. ज्या संगणकावर मूळ टंक नसतो तो संगणक फाइल उघडताना दुसराच टंक योजतो, आणि मजकूर निर्दोष असूनही त्याचे रूप पालटते. शिवाय जुनी पावती पुढे कोणी पुन्हा छापून दिली असेल तर ती नक्कल होय, बनावट नव्हे. नंतरची प्रत जेव्हा त्या दिवशीचा अस्सल कागद असल्याचा दावा करते तेव्हाच ती तोतया ठरते.

अस्सल हाती नसले म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण अमेरिकेत घडले. सीबीएस ह्या दूरचित्रवाणी संस्थेने ८ सप्टेंबर २००४ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या नॅशनल गार्डमधील सेवेविषयीची, १९७२-७३ सालची म्हणविणारी, काही टिपणे प्रसिद्ध केली. त्यांतील अक्षरे व ओळी संगणकावरील वर्ड ह्या आज्ञावलीने केलेल्या छपाईशी जवळजवळ तंतोतंत जुळतात, असे लोकांनी लगेच दाखवून दिले. कमीजास्त रुंदीची अक्षरे उमटविणारी टंकयंत्रे १९७२ मध्ये मुळीच नव्हती असे नाही. परंतु उपलब्ध होत्या त्या केवळ छायाप्रती, त्यामुळे शाई व कागद तपासणे अशक्य झाले. टिपणांचा अस्सलपणा सिद्ध करता येत नाही, असे संस्थेने २० सप्टेंबरला मान्य केले. पुढे जानेवारी २००५ मध्ये अहवाल देणाऱ्या चौकशी समितीनेही ती बनावट असल्याचा निर्णायक निकाल दिला नाही. मूळ हरवले की सत्य आणि असत्य ही दोन्ही सिद्ध होण्याची वाट बंद होते.

दुसरा आधार फाइलीच्या पोटातील नोंदींचा. ती केव्हा निर्माण झाली, केव्हा बदलली, कोणत्या आज्ञावलीने लिहिली, हे तीत नोंदलेले असते. काही पीडीएफ फाइलींत तर दुरुस्ती शेवटी जोडली जाते व आधीचा मजकूर आत तसाच राहतो; जाणकारास तो वाचता येतो. परंतु संगणकाचे घड्याळ मागे फिरविले की तारीखही मागे जाते. म्हणून ह्या नोंदी साक्षीदार समजाव्यात, न्यायाधीश समजू नयेत.

तिसरा आधार गणिताचा. कोणत्याही फाइलीवर ठराविक गणिती क्रिया करून तिचा एक छोटा ठसा काढता येतो. त्यास ‘हॅश’ म्हणतात. ‘शा-२५६’ ह्या पद्धतीचा ठसा चौसष्ट चिन्हांत लिहिला जातो. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी सारा ठसा पालटतो. ‘शा-१’ ही जुनी पद्धत मात्र आता टाळावी. २०१७ मध्ये एकच ठसा असलेल्या दोन भिन्न पीडीएफ फाइली संशोधकांनी तयार करून दाखविल्या. असा ठसा स्वाक्षरी करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने मुद्रित केला म्हणजे डिजिटल स्वाक्षरी सिद्ध होते. हस्ताक्षराचे चित्र फाइलीत डकविणे म्हणजे डिजिटल स्वाक्षरी नव्हे. ते चित्र कोणीही उचलून दुसरीकडे चिकटवू शकतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रातही हा ठसा नमूद करावा लागतो.

ठशाची मर्यादाही ध्यानी धरली पाहिजे. ठसा घेतल्यापासून फाइल बदललेली नाही, एवढेच तो सांगतो. मुळातच खोटा मजकूर लिहून त्याचा ठसा घेतला, तर ते असत्यच अविकृत राहील. दस्तऐवज अविकृत असणे, तो सांगितलेल्या व्यक्तीचा असणे आणि त्यातील मजकूर खरा असणे ह्या तीन निराळ्या गोष्टी होत. पहिलीच्या पुराव्यावर तिसरी मान्य करणे हा तर्कदोष आहे.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या मराठी संस्थांना ह्या विवेकाची विशेष गरज आहे. शाळांची हजेरीपत्रके, सभांची इतिवृत्ते व खासगी मोडी रुमाल हेच त्या त्या गावातील मराठी जीवनाचे पुरावे आहेत, आणि त्यांच्या प्रतिमा घेऊन मूळ कागद अडगळीत टाकण्याचा मोह सर्वत्र असतो. प्रतिमा घेतल्याच्या दिवशीच तिचा ठसा काढावा. तो, तारीख, कागद कोणाकडून आला ते आणि काम करणाऱ्याचे नाव ही वहीत शाईने लिहावी. त्या वहीची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. आणि मूळ कागद कदापि टाकू नये. पुढे कोणी शंका घेतली तर ठसा प्रतिमेची साक्ष देईल, आणि ठशाला जे सांगता येत नाही त्यासाठी मूळ कागद पुढे करता येईल.