लिनक्सवर चालणाऱ्या दूरध्वनीतील बिनतारी दोषांचे निदान

खिशात मावणाऱ्या दूरध्वनीत बिघाड झाला असता त्याचे स्थान निश्चित करणे, हे तो दुरुस्त करण्यापेक्षा बहुधा अधिक कष्टाचे असते. ज्या भागाचे कार्य बंद पडले त्याच भागात दोष आहे, अशी समजूत सहज होते. आणि तीच पुष्कळदा शोधाची दिशा चुकविते. या दृष्टीने ‘निओ फ्रीरनर’ या यंत्राचा इतिहास उद्बोधक आहे. ओपनमोको प्रकल्पाने २००८ साली विक्रीस आणलेला हा दूरध्वनी लिनक्सवर चालत असे. त्याच्या बहुतेक आज्ञावल्या सर्वांस खुल्या होत्या व विद्युत् मंडलांचे आराखडेही प्रसिद्ध झाले होते. तो प्रकल्प पुढे थांबला. परंतु त्या यंत्रातील दोन दोषांपासून मिळणारा बोध आजच्या यंत्रांसही लागू पडतो.

त्यांपैकी वाय-फायचा दोष तुलनेने साधा होय. वाय-फायची जोडणी ही वस्तुतः एक साखळी असते. बिनतारी चिपला वीज मिळते काय, गाभ्यातील चालक-आज्ञावली तिला ओळखते काय, परवलीचा शब्द प्रवेशकेंद्रास मान्य होतो काय, यंत्रास पत्ता मिळतो काय, आणि शेवटी बाहेर जाणारी माहिती योग्य मार्गाने जाते काय, हे प्रश्न याच क्रमाने विचारले पाहिजेत. फ्रीरनरमध्ये पहिल्या चारही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येऊनही महाजालाशी संपर्क होत नाही, असा अनुभव येई. कारण असे की, हा दूरध्वनी यूएसबीच्या तारेने संगणकास जोडण्याची सोय आधीच करून ठेवलेली होती. त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.०.२०२ आणि बाहेर जाण्याचे द्वार १९२.१६८.०.२००, म्हणजे तो संगणक. वाय-फाय जोडले गेले तरी हा जुना मार्ग कोष्टकात कायम राही आणि माहिती तिकडेच रवाना होई. तो मार्ग काढून टाकताच काम सुरू होई. मार्गांचे कोष्टक पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही, परंतु संशय चालक-आज्ञावलीवर असल्याने तिकडे लक्ष उशिरा जाते. मार्ग बरोबर असूनही केवळ नावे उलगडत नसतील, तर नामसेवकाची नोंद तपासावी.

जीपीएसचा दोष मात्र अधिक खोल होता. स्थान निश्चित होण्यास कित्येक मिनिटे लागत, कधी ते निश्चितच होत नसे. येथेही साखळी तपासणे क्रमप्राप्त होते. ग्राहीकडून मजकुराच्या ओळी येतच नसतील, तर वीजपुरवठा किंवा जोडणीचे द्वार संशयास्पद ठरते. फ्रीरनरमध्ये ओळी येत होत्या. तथापि त्यांत नोंदलेले उपग्रहांच्या संदेशांचे बळ क्षीण होते. आकाश मोकळे असताना असे का व्हावे?

उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडले. यंत्रातील स्मृतिपत्र, म्हणजे एसडी कार्ड, काढून टाकले की जीपीएस व्यवस्थित चाले. ते पुन्हा बसविले की दोष परत येई. या कार्डाचे नियंत्रण ग्लामो नावाची चित्रदर्शनाची चिप करीत असे. तेव्हा स्थान सापडत नाही म्हणून तपासावयाची ती चित्रपटलाची चिप, असा हा विलक्षण प्रकार!

याचा उलगडा करण्यासाठी जीपीएस संदेशाची दुर्बलता लक्षात घेतली पाहिजे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून १५७५·४२ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर येणारा हा संदेश पृथ्वीवर पोहोचतो तेव्हा त्याची शक्ती एका वॅटला १ वर १६ शून्यांनी भागावे इतकीच उरते. दुसऱ्या बाजूस, कार्डाच्या घड्याळतारेवर चौकोनी स्पंद धावत असतात. अशा तीव्र कडांच्या स्पंदांत मूळ कंप्रतेच्या शंभरपट व त्याहूनही वरचे घटक अल्प प्रमाणात असतात. अँटेनापासून काही सेंटिमीटरांवर उत्पन्न होणारा तो अल्प गोंगाटही त्या संदेशास झाकण्यास पुरेसा होतो.

गोंगाटामुळे स्थान केवळ चुकीचे न दाखविता ते सापडण्यासच विलंब का व्हावा, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. ग्राहीने नुकताच आरंभ केला असेल, तर प्रत्येक उपग्रहाकडून त्याच्या कक्षेचे सूक्ष्म वर्णन, त्याचे पंचांगच म्हणा, मिळवावे लागते. संदेशाची गती सेकंदास अवघे ५० बिट. आवश्यक भाग १८ सेकंदांचा आणि तो दर ३० सेकंदांनी पुनरावृत्त होतो. त्यात खंड पडला की हुकलेल्या भागासाठी पुढील आवर्तनाची वाट पाहणे आले. किमान चार उपग्रहांच्या बाबतीत हे साधावयाचे असल्याने गोंगाटात मिनिटांमागून मिनिटे निघून जातात. एकदा पंचांग हाती आले, की तुलनेने दुर्बळ संदेशावरही काम भागते. म्हणूनच ‘बाहेर फिरताना चालते, सुरू करताना चालत नाही’ ही तक्रार ऐकली, की गोंगाटाचा संशय घ्यावा.

या दोषावर दोन उपाय निघाले. पहिला आज्ञावलीतील: कार्डाचे वाचन-लेखन चालू नसेल तेव्हा घड्याळ थांबविणे व तारेवरील स्पंदांचा जोर कमी करणे. नवा गाभा बसविला की यंत्र न उघडताच हा उपाय लागू होई. दुसरा विद्युत् मंडलातील: घड्याळतार व भूमी यांच्यामध्ये १० पिकोफॅरडचे धारित्र. १६ मेगाहर्ट्झच्या स्पंदास ते सुमारे १,००० ओहमचा अडथळा दाखविते, तर जीपीएसच्या कंप्रतेस अवघ्या १० ओहमचा. त्यामुळे कार्डाच्या कामास धक्का न लागता उपद्रवी घटक भूमीकडे वळतात. नकाशे कार्डावरच ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने दुसरा उपाय अधिक भरवशाचा होता, कारण नकाशाचे वाचन चालू असताना घड्याळही चालूच राहणार. मात्र त्यासाठी यंत्र उघडून, मोहरीएवढ्या जागेत स्थिर हाताने डाख द्यावा लागे.