पीकसंरक्षणाची बंदूक

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात जंगलाला लागून असलेल्या शिवारांत तूर-सोयाबीन हाताशी आले, की जागली सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक लोळवतो. रोही (नीलगायी) खाऊन जातात ते वेगळेच. अशा शेतकऱ्यासाठी भारतीय कायद्यात एक खास बंदूक आहे: भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी कोणी तिचा परवाना मागितला, तर तो द्यावा, असे शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम १३ सांगते. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी तो पोलिसांचा अहवाल मागवून द्यायचा. नाकारला तर कारणे लिहून ठेवायची. त्यावर अपीलही करता येते.

तरीही हा परवानाच, मूलभूत हक्क नव्हे. अमेरिकेने १७९१ मध्ये शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेत घातला. भारतात उलट १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी रयतेची शस्त्रे परवान्याखाली आणली. पुढे वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहायला आलेल्या, अहिंसेचे उपासक असलेल्या गांधीजींनीसुद्धा १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्याला इंग्रजी राजवटीचे सर्वांत काळे कृत्य मानले होते. १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या ठरावात घेतला. तो राज्यघटनेतही यावा, अशी दुरुस्ती मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य हरी विष्णू कामत यांनी १९४८ मध्ये घटना समितीत मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. शस्त्रांचा उल्लेख नागरिकांच्या स्वातंत्र्यांत आला तो सभास्वातंत्र्याच्या कलमात, शांततेने आणि 'शस्त्रांविना' जमण्यापुरता.

बंदूक मिळाली तरी रानडुकरावर ती झाडण्याची मुभा आपोआप मिळत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ११ प्रमाणे, उभ्या पिकाला धोका असला तरी वनखात्याच्या अधिकाऱ्याची वेगळी लेखी परवानगी लागते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर गुन्हा होत नाही. पिकाला मात्र ही सवलत नाही. शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याची खरी अडचण इथे आहे. पीक काही महिन्यांचे, आणि दारे दोन खात्यांची.

मग काही जण कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात. बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली एक वाघीण ऑक्टोबर २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यात अशाच तारेला चिकटून मेली. तिच्या हल्ल्यांत माणसांचे बळी गेल्याने तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला होता. त्यावर उच्च न्यायालयात वादही झाला होता. या तारांनी माणसेही मरतात. बंदुकीला निदान परवाना, नोंद आणि जबाबदार धरता येईल असा मालक असतो. अंधारातल्या तारेला यातले काहीच नसते.